चिखल पुसू नये

पाणथळीतल्या पक्ष्याचे छायाचित्र बिघडते ते बहुधा पायांपाशी. छायाचित्रकाराची नजर डोळ्यावर आणि चोचीवर खिळलेली असते, आणि घरी येऊन पाहावे तो शेकाट्याचे लांबसडक गुलाबी पाय चौकटीच्या खालच्या कडेने मध्येच छाटलेले! ज्या पायांच्या बळावर हा पक्षी इतरांना न झेपणाऱ्या पाण्यात चरतो, तेच चित्रातून गायब. उरतो तो एक काळापांढरा पक्षी. तो कुठलाही असू शकतो.

गेली काही वर्षे आम्ही हिवाळ्यात भिगवणला जातो. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्याचे पाणी हिवाळ्या-उन्हाळ्यात जसजसे ओसरते, तसतसा काठचा ओला चिखल उघडा पडतो. त्या चिखलात किडे, अळ्या, गोगलगायी असतात, आणि त्यांच्यासाठी पक्षी येतात. पायांची लांबी आणि चोचीची घडण यांवरून कोणी कुठे चरायचे ते ठरते: तुतवार अगदी काठाला, शेकाट्या पोटरीभर पाण्यात, रोहित त्याहून आत. म्हणून आमच्या लेखी चांगल्या चित्राची कसोटी एकच आहे. पक्षी कुठे उभा आहे आणि काय करतो आहे, हे चित्रात दिसले पाहिजे. बाकीचे सारे निर्णय या कसोटीला लावून पाहावेत.

पहिला निर्णय उंचीचा. उभे राहून टिपलेल्या चित्रात पक्षी खाली आणि आपण वर, आणि मागे नुसते गढूळ पाणी. कॅमेरा होडीच्या काठाबरोबर, जमेल तितका पाण्यालगत आणला की पक्ष्याचा डोळा आपल्या डोळ्याच्या रेषेत येतो आणि पार्श्वभूमी दूर जाऊन विरघळते. चौकट थोडी सैल ठेवावी. पाण्यात बुडालेल्या पायांनाही जागा लागते. प्रतिबिंब घ्यायचे तर पुरते घ्यावे. लहान बगळा पाय हलवून चिखल ढवळतो, तेव्हा त्याच्या काळ्या पायांची पिवळी बोटे क्षणभर वर येतात. त्या क्षणासाठी अर्धा तास थांबावे लागले तरी हरकत नाही.

दुसरा निर्णय प्रकाशाचा. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. काळपट चिखलावर पांढरा बगळा असला की तो सारे चित्र उजळवतो आणि पिसांचा पोत पार उडून जातो. अशा वेळी एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी करावे. एकदा पांढरे जळाले की रॉ फाइलसुद्धा ते परत देत नाही. उलट मोर शराटी दुपारी नुसता काळा दिसतो. सकाळच्या तिरप्या उन्हातच त्याच्या पंखांवरची हिरवी-तांबूस झळाळी उमटते. चरणाऱ्या पक्ष्याची मान सतत हलत असल्याने शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा संथ ठेवू नये. उड्डाणाला दोन हजारावा भाग बरा. आणि ऊन चढून पाण्यावर हवा लहरू लागली की कॅमेरा मिटून चहा घ्यावा. त्या थरथरीवर कुठल्याही सॉफ्टवेअरकडे औषध नाही.

तिसरा निर्णय अंतराचा, आणि तो आम्हाला एका नावाड्याने शिकवला. होडीतल्या एकाला उडणारा थवा हवा होता. नावाड्याने बांबू चिखलात रोवला आणि म्हणाला, "साहेब, हितनं पुढं नको. आता चरत्यात. दमानं घ्या, त्येच येतील." आले. वीस-एक मिनिटांत शेकाटे चरत चरत होडीच्या इतके जवळ आले की लेन्स मागे घ्यावी लागली. हुसकावलेल्या थव्याच्या चित्रात शेपट्या आणि पाठी असतात. बसून मिळवलेल्या चित्रात पक्ष्याचे जगणे असते. शिवाय हजारो मैलांवरून आलेल्या पाहुण्याचे पोटभर खाणे आपल्या एका चित्रापेक्षा मोलाचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

आता संगणकावरची कामे. कातरताना पक्षी ज्या दिशेला पाहतो तिकडे मोकळी जागा ठेवणे, पाण्याची रेषा सरळ करणे, सावल्या किंचित उघडणे, डोळ्यापाशी थोडी धार आणणे, एवढ्याला आमची ना नाही. रंगाशी मात्र जपून वागावे. थोरल्या रोहिताचा रंग फिकट असतो आणि चोच गुलाबी, टोकाला काळी. धाकट्याचा रंग गडद आणि चोच काळपट लाल. रंगाची पट्टी जरा जास्त सरकवली की थोरल्याचा धाकटा होतो. पिल्ले तर करडीच असतात. खाद्यातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे त्यांच्यावर रंग हळूहळू चढतो. तो आपण एका क्लिकमध्ये चढवून देऊ नये.

आणि पुसणे. आज बोट फिरवले की काडी, दोरी, प्लॅस्टिकची पिशवी, सारा चिखलच नाहीसा होतो आणि पक्षी निळ्या रेशमावर तरंगू लागतो. शिवडीला रोहित टिपणारे बहुतेकजण मागची ट्रॉम्बेची धुराडी कातरतात. वाचकांपैकी कोणी म्हणेल, छायाचित्र ही कला आहे, पंचनामा नव्हे. मान्य. पण आमच्या भाचीला आम्ही एकाच तुतवाराची दोन चित्रे दाखवली. स्वच्छ केलेले पाहून ती "छान आहे" म्हणाली आणि पुढे गेली. चिखलाच्या चित्रापाशी थांबून तिने विचारले, "मामा, त्याला काय सापडलं?"

तो प्रश्न महत्त्वाचा आहे. पाणथळीवर भराव टाकणारा माणूस तिला पडीक जागा म्हणतो, आणि ते सहज पटते, कारण बहुतेकांनी पक्षी पाहिलेला असतो, त्याचे ताट पाहिलेले नसते. आपणही चित्रातून चिखल पुसू लागलो तर त्या माणसाचे निम्मे काम आपणच करून ठेवू. म्हणून आम्ही पिसे उजळतो, डोळा उजळतो, क्षितिज सरळ करतो. पायांखालचा चिखल आणि त्यातली पिशवी जशी होती तशी राहू देतो.