गेटपासचा फोटो

माझा धाकटा भाऊ बेळगावातच आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला आहे आणि मी बी.ए.ला मराठी साहित्य घेतलंय. घरी पाहुणे आले की आधी माझी चौकशी होते. त्याच्याबद्दल "तोही काहीतरी शिकतोय" एवढंच. खरं सांगायचं तर मीही त्या पाहुण्यांतलीच होते.

गेल्या वर्षी त्याने मित्रांबरोबर एका लघुपट स्पर्धेत नाव दिलं. विषय मिळाल्यापासून 48 तासांत पाच मिनिटांची फिल्म द्यायची. संवाद लिहायला मला बसवलं. मी रात्रभर जागून सहा पानं लिहिली. ती वाचून तो म्हणाला, "ताई, यात सगळे नुसते बोलतातच की. मी दाखवू काय?" सहाचं एक पान उरलं. दिवसभर मी त्याच्याशी बोलले नाही.

दुसऱ्या रात्री एका शेडमध्ये शूटिंग होतं. जुन्या चोकवाल्या ट्यूब, उसना आणलेला कॅमेरा. पडद्यावर काळे पट्टे सरकायला लागले. कॅमेरा बिघडला म्हणून सगळे घाबरले. हा मात्र शांत. "आपली वीज 50 हर्ट्झची. ट्यूब सेकंदाला 100 वेळा उजळते आणि मंदावते. शटर 1/50 वर ठेव." पट्टे गेले. त्याच्या ट्रेडच्या वहीतली वीज तिथे कामाला आली, माझी पाच पानं नाही.

फिल्म वेळेत पोचली, पण बक्षीस मिळालं नाही. शेडमधल्या पंख्याची घरघर संवादांवर चढली होती. माझं उरलेलं एक पानही कुणाला नीट ऐकू आलं नाही!

मग पोर्ट्रेट फोटोग्राफीची स्पर्धा आली. आमचे पप्पा उद्यमबागेत फाउंड्रीत मोल्डर आहेत. रविवारी मिस्साहून आल्यावर इस्त्रीच्या शर्टात त्यांना बसवून याने चाळीस फोटो काढले. सगळ्यांत पप्पा पुतळ्यासारखे. "हसा" म्हटलं की आणखीच ताठ.

मग तो थांबला. चार दिवसांनी संध्याकाळी पप्पा कामावरून येऊन दारात चहा पीत बसले होते. उजेड एका बाजूने येत होता. दुसऱ्या बाजूला मम्मीच्या हातात नाताळच्या गोठ्यातलं उरलेलं थर्माकोल दिलं, सावली जरा उजळावी म्हणून. 50 एमएमची लेन्स, अ‍ॅपर्चर 1.8, फोकस जवळच्या डोळ्यावर. "पप्पा, आज साचे किती झाले?" पप्पा सांगायला लागले, आणि याने बटण दाबलं.

फोटोत भुवयांवर काळी वाळू होती. डोळ्याखाली भाजल्याचा एक बारीक डाग होता. एकवीस वर्षं एका घरात राहून तो मी पाहिला नव्हता. विचारलं तर पप्पा म्हणाले, "तो होय? तू बालवाडीत होतीस तेव्हाचा."

या फोटोलाही नंबर आला नाही. पप्पांनी मात्र तो बराच वेळ बघितला. म्हणाले, "चांगला आलाय. पासपोर्ट साइझमध्ये देतोस काय? गेटपासला नवीन फोटो मागितलाय."

भावाचं तोंड एवढंसं झालं. पण दुसऱ्या दिवशी त्याने आठ कॉप्या काढून आणल्या.

आता तो फोटो रोज सकाळी पप्पांच्या गळ्यात अडकून उद्यमबागेला जातो. आणि घरी पाहुणे आले की मी आधी पप्पांचा गेटपास दाखवते.