पिवळ्या पाकिटाचा फोटो

नोकरीनिमित्त बर्लिनला आल्यावर मी शनिवारी निर्वासितांच्या एका निवासात जाऊ लागले. आश्रयासाठी अर्ज केलेल्यांना जर्मन पत्रं समजावून सांगायची, हे माझं काम. तिथे बरेच अफगाण होते. पाकिस्तानात वर्षं काढलेल्यांना उर्दू येई, त्यामुळे माझ्या हिंदीवर आमचं छान जमे. मी सगळ्यांची ‘बाजी’, म्हणजे थोरली बहीण झाले.

खोल्यांत सामान मोजकंच. प्लगपाशी मात्र चार्जरची गर्दी. सकाळी मोबाइलवर जर्मन धडे, दुपारी कचेरी शोधायला नकाशा, रात्री वायफाय मिळालं की घरच्यांशी व्हिडिओ कॉल. एका बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या व्हॉट्सॲपवर बोलूनच निरोप पाठवत. प्रत्येक नंबराला त्यांनी फोटो जोडून घेतला होता. वकिलाच्या नंबराला त्याच्या दारावरच्या पाटीचा.

सर्वांत महत्त्वाचा असे तो पिवळ्या पाकिटाचा फोटो. अर्जावरचा निर्णय या पाकिटातून येतो. पोस्टमन त्यावर पत्र दिल्याची तारीख लिहितो आणि अपिलाची मुदत त्या तारखेपासून धरतात. नकार आला तर साधारणपणे दोन आठवडे, काही प्रकरणांत एकच. म्हणून पत्राबरोबर पाकिटाचाही फोटो काढायला मी सगळ्यांना सांगत असे. एका तरुणाने असे फोटो संध्याकाळी मला पाठवले. एकाच आठवड्याची मुदत होती. तेच फोटो मी त्याला लगेच वकिलाकडे पाठवायला लावले. अपील वेळेत दाखल झालं.

याच मोबाइलची त्यांना धास्तीही वाटे. पासपोर्ट नसलेल्या अर्जदाराची ओळख आणि देश ठरवण्यासाठी मोबाइलमधली माहिती तपासण्याची मुभा २०१७च्या कायद्याने जर्मन यंत्रणेला दिली. “बाजी, अम्मीचे फोटोही बघतील का?” एकाने विचारलं. मला खात्रीने ‘नाही’ म्हणता आलं नाही. पुढे फेब्रुवारी २०२३मध्ये लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने एका अफगाण महिलेच्या प्रकरणात ही तपासणी बेकायदा ठरवली. ओळख पटवण्याचे इतर सौम्य मार्ग आधी पाहायला हवे होते, असं न्यायालयाचं म्हणणं. तो निकाल वाचून मला फार बरं वाटलं.

“हातात स्मार्टफोन आहे, मग हे गरजू कसले?” हा प्रश्न मी पुण्यातही ऐकलाय, बर्लिनमध्येही. ज्यांचं घरदार मागे राहिलं, त्यांची कागदपत्रं, आईचा आवाज आणि वकिलाचा नंबर त्या एका मोबाइलमध्ये असतो. ती चैन नव्हे, गरज आहे.

जर्मनीतल्या मराठी मंडळींना माझी विनंती आहे. हिंदी आणि बऱ्यापैकी जर्मन येत असेल, तर जवळच्या निवासात चौकशी करा. कुणी पिवळ्या पाकिटाचा फोटो पाठवला, तर आधी त्यावरची तारीख वाचा आणि त्याच दिवशी त्यांना वकिलाकडे किंवा सल्ला केंद्रात पाठवा.