डज ही गोज?

मे महिन्यात मुलांना सुट्टी आणि शिक्षकांना शाळा, हा उलटा न्याय मी यंदा पारनेरला पाहिला. तालुक्यातल्या प्राथमिक शिक्षकांचे इंग्रजीचे पाच दिवसांचे उन्हाळी प्रशिक्षण होते. आईच्या बचत गटाला चहा-जेवणाचे काम मिळाले होते. वर्गात चहा नेण्याचे काम माझ्याकडे आले.

पहिल्याच दिवशी तिसऱ्या बाकावर आमचे गुरुजी दिसले. सातवीपर्यंत मला इंग्रजी शिकवले ते यांनीच. मी किटली घेऊन दारातच थांबले. खरे सांगायचे तर आनंद झाला नाही. गेल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला मी उभी राहून 'डज ही गोज' असे विचारले आणि वर्ग हसला, हे माझ्या वर्गमित्रांना आठवत असेल. त्यानंतर त्या तासाला मी वर्षभर तोंड उघडले नाही. ते 'डज ही गोज' गुरुजींच्या फळ्यावरूनच माझ्या वहीत आले होते.

तिसऱ्या दिवशी मार्गदर्शक बाईंनी नेमका तोच विषय काढला. त्यांनी दोन शिक्षकांना पुढे उभे केले. एक झाला 'डू', दुसरा 'गो'. 'गो'च्या हातात पिशवी दिली.

"ही पिशवी म्हणजे 'एस'. साध्या वाक्यात ती 'गो'कडे असते. ही गोज. प्रश्न विचारायचा झाला की पुढे 'डू' येतो आणि पिशवी तो घेतो. डज ही गो? ओझं एकच आहे, दोघांनी कशाला वाहायचं?"

मराठीत शेवटी नुसते 'का' लावले की प्रश्न तयार होतो, क्रियापद जागचे हलत नाही. आपली जीभ तिथे का अडखळते ते मला त्या पिशवीने सांगितले. सारे हसले, गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी खोडले आणि मान वर करून थेट माझ्याकडे पाहिले.

दुपारी मी पेले विसळत होते, तेव्हा ते नळापाशी आले.

"तुम्हालाही मी तसंच शिकवलं होतं का गं?"

मी हो म्हणाले. वर्गातला तो प्रसंगही सांगून टाकला. सांगताना आवाज चढला. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"मी स्वतः एबीसीडी गिरवली ती पाचवीत. डी.एड. मराठीतून. २००० सालच्या जूनला पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा पहिलीचा वर्ग माझ्याकडेच होता. रात्री आपण वाचायचं, सकाळी पोरांना शिकवायचं. चुकलं तर सांगायला गावात होतं कोण?"

मला उत्तर सुचले नाही. सावित्रीबाई फुले अध्यापनाचे धडे घ्यायला नगरला मिस फरार यांच्याकडे आल्या होत्या आणि १८५४ च्या 'काव्यफुले'त त्यांनी इंग्रजी शिकण्यावर कविता लिहिली, हे आपण दर जयंतीला ऐकतो. तेव्हा शिकवणाऱ्याने आधी शिकायला येणे आमच्या जिल्ह्याला नवे नाही. पण निवृत्तीला तीन वर्षे उरली असताना, आपल्याच विद्यार्थिनीच्या देखत बाकावर बसणे सोपे नसावे. आणि पंचवीस वर्षांची सवय पत्र्याखालच्या उकाड्यात पाच दिवसांत कितीशी मोडणार? मागच्या बाकांवर दोघे-तिघे मोबाईलमध्येच होते, तेही सांगितले पाहिजे.

शेवटच्या दिवशी नमुना पाठ होते. मुले सुट्टीवर, म्हणून शेजारची दोन पोरे आणि मी विद्यार्थी झालो. गुरुजींची पाळी आली. हातातला खडू थरथरत होता.

"डज..." म्हणून ते थांबले. वर्ग गप्प. पुढचा शब्द माझ्या ओठांवर आला होता, पण मी तो गिळला.

"डज युवर मदर कुक?"

मी उभी राहिले. "यस, शी डज."

टाळ्या वाजल्या. तेवढ्यात दारातून आई, हातात आमटीचा डाव तसाच, दबक्या आवाजात म्हणाली, "काय म्हणाले गं गुरुजी माझ्याबद्दल?"