एकच भूमिका

अमेरिकन नट हॅल हॉलब्रुक याने १९५४ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, सत्तरीच्या मार्क ट्वेनचा एकपात्री प्रयोग प्रथम केला. तरुण चेहऱ्यावर सुरकुत्या रंगविण्यातच त्याचे तासन्‌तास जात. १९६६ मध्ये याच भूमिकेने त्याला टोनी पारितोषिक मिळवून दिले. पुढे चित्रपटांतही नाव झाले, ८२ व्या वर्षी ऑस्करचे नामांकन मिळाले. तरी २०१७ पर्यंत त्याने ट्वेनला सोडले नाही. ७४ व्या वर्षी वारलेल्या ट्वेनहून अखेर तोच अधिक वृद्ध झाला!

रोज एकाच नमुन्याची टिपणे लिहिणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाला वाटते, याला कंटाळा कसा आला नसेल? पण तो ट्वेनचे उतारे सतत बदलीत असे. भोवतालच्या काळाला झोंबतील तेच निवडीत असे. टिपणाचा नमुना बदलणे माझ्या हाती नाही. अर्जामागचा माणूस मात्र दर वेळी नवा असतो.