घराच्या पोटातली ओल

दिवाळी जवळ आली की आपण बायका घराचे कानेकोपरे धुंडाळू लागतो. माळ्यावरची भांडी खाली येतात, गाद्यांना ऊन लागते, भिंतींना रंग द्यायचा की नुसता चुना यावर नवराबायकोचा वाद झडतो. पण पाहुण्यांच्या नजरेस न पडणारी एक जागा प्रत्येक घरात असते, आणि तिच्याकडे पाहण्याचे काम आपण दरवर्षी पुढच्या दिवाळीवर ढकलतो. शहरातल्या ब्लॉकमध्ये ती भिंतीला चिकटलेल्या कपाटामागे असते. माझ्या सासरी ती तळघरात होती.

माझे सासर परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, वालूरला. घर जुन्या घाटाचे. दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवद आणि माजघराखाली तळघर. त्यात वाकूनच वावरायचे. पूर्वी तेथे ज्वारीच्या कणग्या असत. वारा खेळावा म्हणून समोरासमोर दोन झरोके, एक गल्लीकडे आणि एक परसात. बांधणाऱ्याने केलेली एवढीच सोय कित्येक वर्षे पुरली.

पुढे कणग्या गेल्या आणि त्यांच्या जागी मोडक्या खुर्च्या, जुनी गोणपाटे आली. गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, काही वर्षांनी त्यावर दुसरा थर चढला. दर थराला रस्ता वर येई आणि झरोका खाली जाई. शेवटी पावसाचे पाणी आत शिरते म्हणून तो विटांनी बुजवला गेला. ओल दिसू नये म्हणून आतून सिमेंटचा गिलावाही झाला.

तीनच पावसाळ्यांत तळघराने आपला रंग दाखवला. कोपऱ्यांत काळे ठिपके, लाकडांवर हिरवट लव, गोणपाटांवर पांढरी बुरशी, आणि वरच्या माजघरात कुबट वास! त्याच माजघरात सासूबाईंची खाट. त्यांना आम्ही सगळे ‘बाई’ म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे, आणि दमा जुना सोबती. श्रावणात त्या रात्र रात्र उशीला टेकून बसून काढू लागल्या. डॉक्टरांनी औषध लिहून दिले आणि विचारले, “घरात ओल आहे का?” ओलसर, बुरसट घरात राहणाऱ्यांना खोकल्याचा व दम्याचा त्रास अधिक होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालीच सांगून ठेवले आहे.

मग घरात सभा भरली. भावजी म्हणाले, “मुरूम टाकून बुजवूनच टाकू.” पुतण्याने ब्लीचिंग पावडर सुचवली, वन्संनी धूप आणि कापूर. बाईंनी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “नाक दाबून धरलंय तुम्ही त्याचं, अन् औषध कशाचं शोधताय?”

त्यांनी गावातल्या एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावणे धाडले. तो तळघरात उतरलाच नाही. आधी घराभोवती दोन फेऱ्या मारल्या. “पाणी कुठून येतंय ते कळल्याबिगर आत जाऊन काय करू?” आमच्याकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि लवकर सोडत नाही. माळवदाच्या पन्हळी आखूड झाल्या होत्या. त्यांचे पाणी थेट भिंतीच्या बुडाशी पडत होते. मुरूम टाकून तळघर बुजवले असते, तर तीच ओल भिंतीतून माजघरापर्यंत चढली असती.

म्हणून काम बाहेरून सुरू झाले. पन्हळी लांबवल्या, भिंतीलगतच्या जमिनीला बाहेरच्या बाजूस उतार दिला, गल्लीकडच्या झरोक्याच्या विटा काढून त्याला दगडी कट्टा व जाळी बसवली. मगच तळघराकडे वळलो. बंद जागेतली हवा कोंदलेली असते. ज्वारीचे पेव उघडल्यावर घाईने उतरून माणसे दगावल्याच्या गोष्टी मराठवाड्यात कोणाला ठाऊक नाहीत? दार आणि झरोके दोन दिवस उघडे ठेवले, बाईंना वन्संकडे पाठवले, आणि नाकतोंड बांधून दोघेजण उतरले. बुरशी कोरडी झाडली नाही, कारण झाडले की ती धुळीसारखी उडून घरभर होते. ओल्या फडक्याने पुसली. गोणपाटे आणि कुजकी लाकडे फेकून दिली. सिमेंटचा गिलावा खरवडला, कारण भिंतीत शिरलेली ओल त्याच्यामुळे बाहेर पडू शकत नव्हती. भिंती सुकल्यावर चुना दिला. चुन्याच्या तिखटपणापुढे बुरशी टिकत नाही. पावसाळा सरताच घर चुन्याने पांढरे करण्याच्या आपल्या रीतीत केवढे शहाणपण आहे!

गवंड्याने जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली. पावसाच्या दिवसांत झरोके सताड उघडायचे नाहीत. मला नवल वाटले. पण आषाढात गार पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना, तळघराची गार भिंत म्हणजे तोच तांब्या. दमट वारा आत आला की त्याचे पाणी भिंतीवरच उतरते. कोरडे ऊन पडले की मात्र दोन्ही झरोके उघडावेत.

आता तेथे थोडी ज्वारी ठेवतो. विटांवर फळ्या टाकून, भिंतीपासून हातभर दूर. बुरसटलेले धान्य मात्र गुरांनाही घालू नये. १९७४ साली राजस्थान-गुजरातेत बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसे गेली. ते विष धुऊन वा भाजून जात नाही.

वालूरची गोल गोल पायऱ्यांची बारव पाहायला आता लांबून लोक येतात. तीही कचऱ्यागाळाने बुजत चालली होती. गावकऱ्यांनी श्रमदान करून मोकळी केली. जुन्या माणसांनी गावात पाण्याला मानाची जागा दिली होती आणि धान्याला कोरडी. आपण पाण्याची वाट अडवली की ते आपल्या घरात वाट शोधते.

बाईंचे औषध चालूच आहे, पण यंदाच्या श्रावणात त्या आडव्या होऊन झोपल्या. शहरातल्या भगिनींनी तळघर कोठून आणावे? त्यांनी यंदा कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे, मोरीचा गळका नळ दुरुस्त करावा आणि पाठच्या भिंतीवर हात फिरवून पाहावा. हाताला गारवा लागला तर रंगाचा डबा आणण्याआधी पाणी कोठून येते ते शोधावे.