साठच्या वेगाने दिसणारी बोर्डी

डहाणूहून नरपड, चिखले, घोलवड ही गावे ओलांडीत बोर्डीकडे जाणारा किनारी रस्ता सुमारे १७ किलोमीटरांचा आहे. डाव्या हाताला सुरूची झाडे आणि त्यांच्या खोडांमधून अधूनमधून चमकणारा समुद्र. उजव्या हाताला कुंपणाआडच्या चिकूच्या वाड्या. रस्ता अरुंद आहे, वळणे पुष्कळ, आणि चिकू भरून निघालेला टेम्पो समोर आला की गाडी बाजूला घ्यावीच लागते. हिवाळ्यातील शनिवार-रविवारी या रस्त्यावर मुंबई-ठाण्याकडून, वसई-विरारकडून आणि वापी-वलसाडकडूनही मोटारसायकलस्वारांचे लहान-मोठे जथे येतात. गुडघ्यांना कवच, अंगात जाड जाकीट आणि हेल्मेटवर काड्यापेटीएवढा कॅमेरा. मुंबईपासून सुमारे दीडशे किलोमीटरांचा हा प्रवास दुपारच्या आत आटोपतो आणि दोन-चार दिवसांत घरोघरच्या पडद्यांवर पोहोचतो.

हे चित्रण पाहणारे केवळ तरुण असतात, हा समज खरा नाही. ज्यांनी उभ्या आयुष्यात स्कूटरपलीकडे काही चालवले नाही, असे निवृत्त गृहस्थ रात्रीच्या जेवणानंतर तासन्‌तास असे प्रवास पाहतात. गुडघेदुखीमुळे दोन जिने चढणे ज्यांना नकोसे झाले आहे, अशा गृहिणी लडाखच्या खिंडी पाहतात. नातू शेजारी बसून गाडीचे इंजिन किती सीसीचे हे सांगतो, आजी विचारते की त्या मुलाच्या जेवणाचे काय होत असेल. शाकाहारी घरांत हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांतच निघतो आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत पुढचे डोंगर कोणाला दिसत नाहीत! एकाच पडद्यासमोर बसून दोघे दोन वेगळे चित्रपट पाहत असतात, असेच म्हणावे लागेल.

बोर्डीच्या वाट्याला या चित्रफितींत किती वेळ येतो, हेही पाहण्यासारखे आहे. निम्मा वेळ राष्ट्रीय महामार्ग ४८ खातो. मग चहाची टपरी, मग मोटारसायकलीची स्तुती, मग उंचावरून ड्रोनने टिपलेला किनारा. ओहोटीच्या वेळी येथील समुद्र फार दूर सरकतो आणि ओल्या वाळूचे सपाट, आरशासारखे मैदान उघडे पडते. कॅमेऱ्याला ते आवडणारच. शेवटी चिकू. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे त्याचा उल्लेख हमखास होतो. तेवढ्यावर गाव संपते.

प्रत्यक्षात ते तेथे सुरू होते. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर शंभर वर्षे ओलांडलेले हायस्कूल आहे. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीत आल्या आणि अनुताई वाघ यांना सोबत घेऊन त्यांनी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखायला जातात, हे ध्यानात आल्यावर या दोघींनी शाळाच कुरणात नेली. तिला ‘कुरणशाळा’ असे नाव पडले. आज देशभर गावोगावी दिसणाऱ्या अंगणवाडीच्या कल्पनेचे एक मूळ या परिसरात आहे. पूर्वेला तलासरी तालुक्यात झरी आहे. तेथे १९४५ च्या मे महिन्यात वारल्यांची मोठी परिषद भरली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात तो इतिहास आहे. डोंगरात बाहरोटची लेणी आहेत. संजाण पडल्यानंतर पारशी समाजाने आपला पवित्र अग्नी बारा वर्षे तेथे जपला, अशी त्या समाजाची परंपरा सांगते. हाच अग्नी आज उदवाड्याला आहे. मोटारसायकल बाहरोटपर्यंत जात नाही, शेवटची चढण पायी चढावी लागते. चित्रफितींत बाहरोट क्वचित दिसते याचे कारण कदाचित एवढेच असेल.

पारशांचा विषय निघाला म्हणून एक जुनी गोष्ट येथे सांगणे अप्रस्तुत ठरणार नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटरांची फेरी पूर्ण करून मार्च १९२८ मध्ये परतले. बाकीच्या तिघांचा प्रवास अर्ध्यावर थांबला. वाळवंट, हिमवर्षाव, आजारपण, भूक हे सारे त्यांनी भोगले आणि १९३१ साली त्याचे पुस्तक केले. त्या काळी मागे राहिलेल्यांना हा प्रवास वृत्तपत्रांतून कळत असे, तोही तुकड्यांनी आणि आठवड्यांच्या विलंबाने. वाचणाऱ्याला उरलेले कल्पनेने भरून काढावे लागे. आजच्या प्रेक्षकाला प्रवाशाच्या चाकाखालचा खडादेखील दिसतो. कल्पनेचे काम कमी झाले आणि अपेक्षा वाढल्या, हा यातला फरक आहे.

मोटारसायकल प्रवासाच्या माहितीपटाला जगभर मोठा प्रेक्षकवर्ग मिळाला तो २००४ च्या ‘लाँग वे राउंड’ या मालिकेने. इवान मॅक्ग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन अभिनेते लंडनहून पूर्वेकडे निघाले आणि युरोप, कझाकस्तान, मंगोलिया, सैबेरिया, अलास्का असे करीत न्यूयॉर्कला पोहोचले. सोबत तिसऱ्या मोटारसायकलवर कॅमेरामन क्लॉडिओ फॉन प्लांटा, आणि मदतीला मोटारींचा ताफा. प्रेक्षकांत त्यावरून दोन तट पडले. मदतीचा ताफा असताना हे कसले साहस, असे एक गट म्हणे. दुसरा गट पुढच्या महिन्यात नवी गाडी बघायला दुकानात जाई. या मालिकेतला सर्वांत बोलका प्रसंग मात्र दोघा अभिनेत्यांचा नव्हे. मंगोलियाच्या खडतर वाटेवर क्लॉडिओची महागडी मोटारसायकल मोडली, तेव्हा त्याने तेथेच एक साधी, स्वस्त रशियन मोटारसायकल विकत घेतली आणि तिच्यावर वाट कापली. मोठ्या गाड्या चिखलात आडव्या होत असताना ती हलकी गाडी पुढे जाताना दिसते. ही मालिका पाहून कर्ज काढून मोठी गाडी घेणाऱ्यांनी हा भाग पाहिला होता की नाही, कोण जाणे. दोन वर्षे कोपऱ्यात उभ्या असलेल्या, हप्ते चालूच असलेल्या गाड्या शहरातल्या कितीतरी वाहनतळांत धूळ खात असतात.

आपल्याकडे या प्रकारातले महत्त्वाचे काम मुंबईच्या गौरव जानी यांनी केले. ‘रायडिंग सोलो टू द टॉप ऑफ द वर्ल्ड’ हा त्यांचा चित्रपट २००६ चा. मुंबईहून रॉयल एनफिल्डवर ते लडाखच्या चांगथांग पठारावर गेले, एकटेच. दिग्दर्शक तेच, छायाचित्रकार तेच, हमालही तेच. यातला खटाटोप प्रेक्षकाला सहसा उमगत नाही. मोटारसायकलस्वार दूरच्या वळणावरून येतो आणि समोरून निघून जातो, असे एक दृश्य घ्यायचे तर त्याने आधी गाडी थांबवायची, तिकाटणे उभारायचे, कॅमेरा सुरू करायचा, गाडी घेऊन मागे जायचे, परत यायचे, कॅमेऱ्यासमोरून पुढे निघून जायचे आणि पुन्हा वळून कॅमेरा उचलायला यायचे. चार हजार मीटरहून अधिक उंचीवर, विरळ हवेत, सामानाने लादलेली गाडी घेऊन हे दिवसातून अनेकदा करायचे. पडद्यावर तो एकटा निघून जातो. खऱ्या आयुष्यात त्याला प्रत्येक वेळी परत फिरावे लागलेले असते.

जानी निघाले तेव्हा विषय होता मोटारसायकल आणि वाट. चांगथांगवर पोहोचल्यावर त्यांना मेंढ्या आणि पश्मिना शेळ्या राखणारे, ऋतूंप्रमाणे तळ हलवणारे चांगपा लोक भेटले, आणि चित्रपट हळूहळू त्यांचा होत गेला. गाडी एका बाजूला उभी राहिली. यंत्र पाहायला बसलेला प्रेक्षक उठतो तेव्हा त्याला तंबूतली माणसे आठवत असतात. पुढे इतक्या वर्षांनीही हा चित्रपट दाखवला जातो आणि त्याच सुमारास आलेल्या कित्येक चकचकीत चित्रफिती कोणाला आठवत नाहीत, याचे कारण येथे आहे. जानी हे ‘६० केपीएच’ नावाच्या मोटारसायकल मंडळाच्या संस्थापकांपैकी आहेत. ताशी ६० किलोमीटर! आजच्या गाड्यांच्या मानाने हा वेग हास्यास्पद वाटेल, पण ६० च्या वेगाने जाताना रस्त्यालगतच्या घराच्या ओट्यावर कोण बसले आहे हे दिसते. १२० च्या वेगाने फक्त रस्ता दिसतो.

प्रेक्षकाची आपुलकी किती खोल जाऊ शकते, याची दोन उदाहरणे ताजी आहेत. नोराली शूनमाकर या डच भूगर्भशास्त्रज्ञ तरुणीने नोकरी सोडून २०१८ साली भारतात रॉयल एनफिल्ड हिमालयन घेतली आणि तिचे नाव ‘बसंती’ ठेवले. ‘शोले’ पाहिलेल्या भारतीय प्रेक्षकाने तेवढ्या एका नावावर तिला घरची मुलगी मानले. ही बसंती पुढे नेदरलँड्सपर्यंत गेली. दुसरे उदाहरण मुंबईच्या योगेश आळेकरी यांचे. १ मे २०२५ रोजी ते मोटारसायकलने निघाले, १७ देश पार करून इंग्लंडला पोहोचले आणि ऑगस्टअखेर नॉटिंगहॅममधील एका उद्यानाजवळून त्यांची गाडी सामानासकट चोरीला गेली. हजारो मैलांवर बसलेल्या मराठी घरांत त्या दिवशी आपलीच गाडी गेल्यासारखी हळहळ होती. तिथल्या अनोळखी लोकांनी मदतीचा हात पुढे केला, आणि त्याच भागातल्या एका मोटारसायकल व्यावसायिकाने तशीच दुसरी गाडी देऊ केली. चोर आणि दाता एकाच परिसरातले निघाले. जमाखर्चाच्या भाषेत ही नोंद कोणत्या बाजूला लिहावी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पण पाहणारा केवळ पाहत राहत नाही, कधीतरी निघतो. येथे विषय गंभीर होतो. बोर्डीला येणारा बहुतेक प्रवास महामार्गाच्या मनोर, चारोटी, तलासरी या पट्ट्यातून होतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला आणि त्यात ते व त्यांचे एक सहप्रवासी मृत्यू पावले. मजबूत मोटारीत ही गत, तर दोन चाकांवर काय? अवजड वाहने डाव्या-उजव्या कोणत्याही मार्गिकेत असतात, पावसाळ्यानंतर खड्डे असतात, आणि पहाटेच्या अंधारात निघालेल्या जथ्यातला शेवटचा, सर्वांत नवखा स्वार पुढच्यांना गाठण्याच्या नादात वेग वाढवतो. चित्रफितीत हा शेवटचा स्वार कधी दिसत नाही. कॅमेरा पुढच्याच्या हेल्मेटवर असतो. हजारो किलोमीटर सुखरूप गेलेल्या माणसाचे चित्रण पाहून मनाशी जो हिशेब मांडला जातो, त्यात न परतलेल्यांची नोंद नसते, कारण त्यांची चित्रफीत झालेली नसते. घरातून परवानगी देणाऱ्या आईवडिलांनी गाडीच्या किमतीबरोबर हेल्मेट, हातमोजे आणि विमा यांचाही खर्च धरावा; आणि निघण्याची वेळ पहाटे चारऐवजी उजेडी ठरवून घ्यावी. किनाऱ्यावरही तीच दक्षता हवी. ओहोटीची वाळू वरून टणक दिसली तरी आत ओली असते. चाक रुतले की काढता काढता भरती येते, आणि या सपाट किनाऱ्यावर ती झपाट्याने येते.

वारली चित्रांत माणसे जवळजवळ सारख्याच आकाराची असतात. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगभर नेली. त्यांच्या चित्रांत तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी असते, शेजारी झाड, मुंगी, कोंबडी, गाडीवान, आणि कोणी कोणापेक्षा मोठा नसतो. मोटारसायकलच्या चित्रफितीत नेमके उलटे असते. चेहरा एकाचाच, बाकी सारे मागे पळणारे. डहाणू-तलासरीच्या कॅमेरा हाती घेतलेल्या मुलांनी आपल्याच गावातून मोटारसायकल चालवीत चित्रण केले तर ते कसे दिसेल, याची कल्पना करता येते. त्यात घोलवडच्या वाडीत उंच झाडावरून काठीच्या टोकाच्या झेल्याने चिकू उतरवणारा मजूर असेल. बोर्डीच्या उत्तरेला झाई आहे, तलासरी तालुक्यातले शेवटचे मच्छीमार गाव, आणि त्यापलीकडे गुजरात. पाटी मराठीतून गुजरातीत बदलते, बोलणे मात्र बराच वेळ बदलत नाही. तेही त्यात असेल.

शनिवारी आलेले स्वार रविवारी दुपारी परतीला लागतात, कारण संध्याकाळी महामार्ग तुंबतो. ज्यांच्याकडे तासभर अधिक आहे त्यांना घोलवडहून आत वळून कोसबाडच्या टेकडीवर जाता येते. चढ सोपा आहे, रस्ता शांत, आणि वरून किनाऱ्याकडे पाहिले तर खालच्या वाड्यांची गडद हिरवी पट्टी आणि तिच्यापलीकडची समुद्राची रेघ दिसते. तेथे शाळा भरलेली असेल तर गाडी फाटकाबाहेरच बंद करून उभी करावी. इंजिनच्या आवाजाने वर्गातली मुले खिडकीशी धावतात.