तिथीची पाऊणपट

पायथॉनमध्ये 'झिप' नावाचं एक फंक्शन आहे. दोन याद्या द्यायच्या. ते पहिल्याला पहिलं, दुसऱ्याला दुसरं असं जोडून देतं. बॅगेच्या चेनसारखं, डावा दात उजव्या दातात. २००० सालच्या २.० आवृत्तीपासून आहे आणि आम्ही मंडळी ते डोळे मिटून वापरतो.

आता अलिबागला या. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला होडी लागते. म्हणजे वेळ माहीत हवी. त्यासाठी किनाऱ्यावर एक जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर अंदाजे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येनंतर मोजणी पुन्हा एकपासून.

हे ऐकल्यावर कुठल्याही प्रोग्रामरचे हात शिवशिवतील. एका यादीत तारखा, दुसरीत पंधरा तिथी, मारा झिप, पंधरवड्याचा तक्ता तयार!

पण पंचांग इतकं सरळ नाही. चांद्रमासात तिथी ३०, दिवस साधारण साडेएकोणतीस. म्हणून कधी एखाद्या तिथीचा क्षय होतो, तर कधी एकच तिथी दोन सूर्योदयांना असते, म्हणजे वृद्धी. समजा षष्ठी दोन दिवस आली. दुसऱ्या दिवशी आपला तक्ता सप्तमी धरून सव्वापाचची भरती आणि सव्वाअकराची ओहोटी सांगणार. षष्ठीच्या हिशेबाने ओहोटी साडेदहाची. म्हणजे तुम्ही सव्वाअकराला निवांत किल्ल्याकडे निघालात, तेव्हा पाणी पाऊण तासापूर्वीच फिरलेलं असेल! आणि ही चूक तिथेच थांबत नाही, पुढची प्रत्येक जोडी एक घर सरकते.

झिप यावर चकार शब्द काढत नाही. एक यादी संपली की गुपचूप थांबतं. २०२१ च्या ३.१० आवृत्तीत 'स्ट्रिक्ट' आलं. लांबी जुळली नाही तर ते ओरडतं. पण एकाच पंधरवड्यात एक क्षय आणि एक वृद्धी झाली तर? मोजदाद बरोबर, मधल्या जोड्या चुकीच्या.

जुन्या हिशेबाची गंमत इथेच आहे. तो यादीतला नंबर बघतच नाही. आजची तिथी कुठली, एवढंच विचारतो. त्यामुळे कालची चूक आजच्या गळ्यात पडत नाही. दोन गोष्टी शेजारी बसल्या म्हणून त्या एकमेकींच्या होत नाहीत. दोघींमध्ये काहीतरी सामाईक लागतं. इथे ते चंद्र आहे.

बाकी हिशेब अंदाजाचाच, हं. किल्ल्यात जायचं तर भरती-ओहोटीचा छापील तक्ता बघा आणि किनाऱ्यावरच्या माणसाला विचारून मगच पाण्यात पाय टाका.